‘मी करलं’ आणि एस्पेरांतो

ठाण्यातल्या कुठल्याही बालवाडीत थोडा वेळ नुसतं ऐकत बसा. ‘मी करलं’, ‘आई येली’ असं काहीतरी कानावर येईलच. मोठी माणसं हसतात आणि दुरुस्त करतात. पण पड-पडलं, बस-बसलं, चढ-चढलं, तर मग कर-करलं का नको? असं बोलणारं आजूबाजूला कुणी नसतानाही मूल ते बोलतं, म्हणजे ते ऐकलेलं परत म्हणत नाही, स्वतः नियम चालवून बघतं. मुलांच्या भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत हे प्रयोगाने दाखवलं. एका काल्पनिक पक्ष्याला त्यांनी ‘वग’ हे बनावट नाव दिलं आणि मुलांना दोन पक्ष्यांचं चित्र दाखवलं. मुलांनी आधी कधीच न ऐकलेलं अनेकवचन बरोबर तयार केलं.

मग अपवाद टिकतात कसे? रोजच्या वापरामुळे. २००७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात इंग्रजीच्या इतिहासातल्या १७७ अनियमित क्रियापदांचा अभ्यास आला. त्यातली ९८च आज अनियमित उरली आहेत. जे क्रियापद शंभर पट कमी वापरलं जातं, ते दहा पट वेगाने नियमाला शरण जातं. ‘केलं’, ‘गेलं’, ‘आलं’ ही आपली रोज तोंडात असलेलीच रूपं वाकडी असणं हा योगायोग नसावा.

सुरुवातीपासूनच असे अपवाद नसलेली भाषा करता येईल का, हा प्रश्न लुडविक झामेनहोफ या नेत्रतज्ज्ञाने मनावर घेतला. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या ब्यालिस्टोक शहरात १८५९ मध्ये त्यांचा जन्म झाला. तिथे पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश (तिथल्या ज्यूंची भाषा) बोलणारे शेजारी होते आणि त्यांच्यात वैरही होतं. वाशी स्टेशनच्या परिसरात केरळ हाऊस, आसाम भवन, ओडिशा भवन आहेत आणि जवळच्या गावांत आगरी-कोळी बोली ऐकू येते. अशा ठिकाणी राहणाऱ्याला समाईक भाषेची ओढ समजावून सांगावी लागत नाही. १८८७ मध्ये वॉर्सातून झामेनहोफ यांनी घडवलेल्या भाषेची, म्हणजे एस्पेरांतोची, पुस्तिका निघाली. व्याकरणाचे नियम अवघे १६.

नाम ‘ओ’ने संपतं, विशेषण ‘आ’ने. क्रियापदाला वर्तमानकाळात ‘आस’, भूतकाळात ‘इस’, भविष्यकाळात ‘ओस’ लागतं. कर्ता कोणीही असो, रूप तेच. पण मला खरी मौज वाटते ती शब्द घडवण्यात. ‘आर’ हा प्रत्यय समूह दाखवतो. ‘आर्बो’ म्हणजे झाड, म्हणून येऊरचं जंगल ‘आर्बारो’. ‘वोर्तो’ म्हणजे शब्द, ‘वोर्तारो’ शब्दकोश. ‘वागोनो’ म्हणजे डबा, तेव्हा ठाणे-वाशी लोकल ‘वागोनारो’. ‘साना’ म्हणजे निरोगी. उलट अर्थाचा ‘माल’ लावला की ‘मालसाना’, आजारी. व्यक्तीचा ‘उल’ जोडला की ‘मालसानूलो’, रुग्ण. जागेचा ‘एय’ आला की ‘मालसानूलेयो’, रुग्णालय.

पिल्लांसाठी ‘इद’. बोवो-बोविदो, चेवालो-चेवालिदो, काप्रो-काप्रिदो, शाफो-शाफिदो. मराठीत यांना अनुक्रमे वासरू, शिंगरू, करडू, कोकरू. आपले शब्द मला फार प्रिय आहेत, एकही गमवायला मी तयार नाही. पण ते एकेक करून पाठ करावे लागतात. तिथे मात्र प्राण्याचं नाव कळलं की पिल्लाचं आपलं आपण तयार करता येतं, आणि ते चूक ठरत नाही.

एका बाबतीत तर मराठी माणसाला घरीच आल्यासारखं वाटेल. केव्हा-तेव्हा, कुठे-तिथे, किती-तितकं अशा जोड्या तिथेही आहेत. कीआम-तीआम, कीए-तीए, कीओम-तीओम. प्रश्नाला ‘क’ आणि उत्तराला ‘त’ हा मेळ आपल्यासारखाच.

अर्थात सगळं सोपं नाही. मूळ शब्द जवळजवळ सगळे युरोपीय, त्यामुळे आपल्याला पाठांतर जास्त. नियमितपणामुळे संदिग्धताही टळत नाही. ‘सेन्तेमा’ची फोड ‘सेन्त-एम-आ’ केली तर अर्थ होतो संवेदनशील, आणि ‘सेन-तेम-आ’ केली तर विषयच नसलेला. कर्माला लागणारा ‘न’ पुष्कळांना छळतो, विशेषतः इंग्रजीत वाढलेल्यांना. ‘मांजराला कुत्रा चावतो’ आणि ‘कुत्रा मांजराला चावतो’ हे दोन्ही आपण सहज बोलतो, म्हणून विभक्तीवर विसंबून शब्द पुढेमागे करणं आपल्याला नवं नाही. फक्त आपण निर्जीव कर्माला बहुधा ‘ला’ लावत नाही, आणि तिथे सूट नाही. ‘मी आंबा खातो’ याचं एस्पेरांतो होतं ‘मी मान्जास मांगोन’. त्यातला ‘मी’ मात्र जसाच्या तसा!