आत मासे जास्त असणं आणि संरक्षणामुळे मासे वाढणं

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांत तांबोशी, गोब्रे, शेवंड सापडतात. समजा, एखाद्या पाणबुड्याने इथे तळावर टेप अंथरली आणि दोन्ही बाजूंचे मासे मोजून पाटीवर लिहिले. ही खडपं मालवणच्या सागरी अभयारण्यात येतात. मग तीच टेप अभयारण्याच्या हद्दीबाहेर, नुसत्या वाळूवर अंथरली. पहिली पाटी भरून जाईल, दुसरीवर चार ओळीही होणार नाहीत. यावरून ‘अभयारण्यामुळे मासे वाढले’ असं लिहायचा मोह होतोच. पण मोजलाय तो खडप आणि वाळू यांतला फरक. ही खडपं 1987 साली अभयारण्य जाहीर व्हायच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत.

सागरी संरक्षित क्षेत्रांबद्दलच्या बातम्यांत सर्रास होणारी गल्लत हीच. आतल्या-बाहेरच्या मोजणीतून कळतं ते एवढंच, की आज कुठे किती मासे आहेत. संरक्षणाचा परिणाम काढायचा तर वेगळंच विचारावं लागतं: मासेमारीवर बंदी घातलीच नसती तर याच जागी आज किती मासे असते? तो समुद्र कुणाला पाहायला मिळत नाही. त्याचा अंदाजच बांधावा लागतो, आणि सगळी मेहनत आहे ती तिथे.

मुळात संरक्षणाच्या जागा चिठ्ठ्या टाकून निवडत नाहीत. प्रवाळ, कडे, बेटं असलेली देखणी जागा निवडली जाते, किंवा मग इतकी दूरची, की तिथे मासेमारी करायला फारसं कुणी जातच नव्हतं. दुसरा प्रकार सरकारांना विशेष प्रिय, कारण विरोध होत नाही आणि नकाशावर मोठा निळा चौकोन रंगवता येतो. अशा ठिकाणी मासे भरपूर आणि बंदीचा परिणाम जवळपास शून्य, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

बाहेरची बाजूही स्थिर नसते. आत बंदी आली की होड्या हद्दीला लागून जाळी टाकतात. बाहेरचे मासे घटतात आणि आत एकही मासा न वाढता फरक रुंदावतो. उलट, आतले मासे वाढून बाहेर पसरले, तर फरक कमी दिसतो आणि चांगलं चाललेलं क्षेत्र नापास होतं.

त्यात माशांचा स्वभाव. न्यूझीलंडमध्ये लेई इथल्या 1975 पासूनच्या राखीव क्षेत्रात स्नॅपर मासे पाणबुड्याच्या अगदी जवळ येतात, जिथे मासेमारी चालते तिथे बुजून लांब राहतात. नुसत्या डोळ्यांनी मोजलं तर आतले जास्त भरतात, बाहेरचे कमी. म्हणून तिथल्या संशोधकांनी आमिष लावलेला कॅमेरा तळाशी सोडून मोजणी केली.

मग आधीचं आणि नंतरचं मोजावं? एकट्या त्यानेही भागत नाही. केरळात 2012 साली तारली जवळपास 4 लाख टन मिळाली, 2021 साली साडेतीन हजार टनांच्याही आत. तारलीचे असे चढउतार समुद्राच्या हवामानाशी बांधलेले असतात. या काळात तिथे एखादं राखीव क्षेत्र सुरू झालं असतं तर बिचाऱ्यावर अपयशाचा शिक्का बसला असता, आणि तारली वाढायच्या काळात सुरू झालं असतं तर फुकटचं श्रेय मिळालं असतं.

म्हणून दोन्ही तुलना एकत्र कराव्या लागतात: आधी आणि नंतर, आत आणि तशाच जातीच्या जागी बाहेरही. न्यूझीलंडच्याच पुअर नाइट्स बेटांवर हे नीट झालं. 1998 साली तिथे मासेमारी पूर्ण बंद झाली. बंदीच्या आधीपासून मोजणी चालू होती, आणि केप ब्रेट व मोकोहिनाऊ बेटं या मासेमारी चालू असलेल्या जागांवरही ती होत होती. चार वर्षांत बेटांवरचे स्नॅपर सातपटीहून अधिक झाले, बाकी दोन्हीकडे तशी वाढ नव्हती. हा फरक बंदीच्या नावावर मांडायला हरकत नाही. तरी एक मेख आहेच. इतक्या झपाट्याने मासे जन्मून मोठे होत नाहीत. बरेचसे मोठे मासे बाहेरून येऊन स्थिरावले असावेत. म्हणजे बेटांवर मासे वाढले हे पक्कं, पण आसपासच्या समुद्रातले एकूण मासे तेवढेच वाढले असं त्यातून निघत नाही.

मेक्सिकोतलं काबो पुल्मो नेहमी यशोगाथा म्हणून सांगतात. एका अभ्यासानुसार तिथे 1999 ते 2009 या दहा वर्षांत माशांचं वजन हेक्टरी 0.75 टनावरून 4.24 टनांवर गेलं. मला मात्र त्या अभ्यासातली दुसरी ओळ जास्त वजनदार वाटते: त्याच काळात कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या इतर संरक्षित क्षेत्रांत आणि खुल्या पाण्यात लक्षणीय बदल झाला नाही. ती ओळ नसती तर पहिल्या आकड्याचं श्रेय चांगल्या हवामानालाही देता आलं असतं. आणि ‘इतर संरक्षित क्षेत्रांत’ हे शब्द पुन्हा वाचा. कागदावर तीही संरक्षितच होती. काबो पुल्मोत गावकऱ्यांनी स्वतः मासेमारी थांबवली आणि बंदी राखली.

मालवणचं अभयारण्य 29.12 चौरस किलोमीटरचं, त्यात गाभा 3.18 चौरस किलोमीटरचा. मच्छीमारांचा विरोध पहिल्यापासून होता आणि मासेमारी कधी खऱ्या अर्थाने थांबली नाही. अशा जागी परिणाम मोजायच्या आधी तिथे नेमकं काय बंद झालं, कधीपासून आणि कुणासाठी, हे लिहून काढावं लागेल. आणि तुलनेला बाहेरची जागा घ्यायची तर तीही खडपाचीच हवी.