टाउनशेंडचं गाणं कोणतं आणि 'द हू'चं कोणतं?

'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याचे सोलो अल्बम ऐकायला घेतले की एक शंका हमखास येते: हे 'द हू'चंच उरलंसुरलं तर नाही ना? शंका रास्त आहे. बँडची बहुतेक गाणी त्यानेच लिहिली. लिहिली की घरच्या स्टुडिओत बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून, स्वतःच गाऊन तो डेमो करायचा आणि त्यावरून बाकीचे तिघे गाणं बसवायचे. म्हणजे 'द हू'ची कितीतरी गाणी आधी त्याची एकट्याचीच होती.

मग फरक पडतो कुठे? माझ्या मते आधी गळ्यात. 1971 च्या 'हूज नेक्स्ट' अल्बममधलं 'बार्गेन' घ्या. वरवर प्रेमगीत, पण टाउनशेंडने ते देवाला उद्देशून लिहिलं आहे: तू मिळणार असशील तर सगळं गमावलं तरी सौदा स्वस्तच. बँडचा गायक रॉजर डाल्ट्री हे गातो तेव्हा छाती पुढे काढून देवाशीच पैज लावल्यासारखं वाटतं. मधल्या संथ ओळी टाउनशेंडच्या आवाजात येतात आणि तेवढ्यापुरता गाण्याचा माणूसच बदलतो. 1983 मध्ये त्याने 'स्कूप' नावाने आपले जुने डेमो काढले, त्यात 'बार्गेन' सबंध त्याच्याच आवाजात आहे. तिथे पैज नाही, नुसतं आर्जव आहे. शब्द तेच, चाल तीच. दोन्ही पाठोपाठ ऐका, मग पुढचं मी सांगायची फारशी गरज नाही.

दुसरा फरक तालाचा. कीथ मूनचे ड्रम्स ठेका धरून बसत नसत, ते गायकाशी भांडत असत. जॉन एन्टविसलचा बेसही मागे राहायला तयार नसायचा. त्यामुळे ताल सांभाळायचं काम उलट टाउनशेंडच्या गिटारवर पडायचं. सोलो अल्बममध्ये हे भांडणच नाही. गाणी नीटनेटकी होतात, श्वास घेतात आणि (खरं सांगायचं तर) काही जरा मिळमिळीतही होतात.

'हू केम फर्स्ट' (1972) हा त्याचा पहिला सोलो अल्बम आपल्याला वेगळ्याच कारणाने जवळचा वाटावा. टाउनशेंड मेहेरबाबांचा भक्त. पुण्यात जन्मलेल्या आणि नगरजवळच्या मेहेराबादला समाधी असलेल्या मेहेरबाबांचा. 'बाबा ओ'रायली'मधले 'बाबा' ते हेच. 'रायली' म्हणजे संगीतकार टेरी रायली. पण बँडच्या त्या गाण्यात बाबा फक्त नावापुरते आहेत, शब्दांत त्यांचा पत्ताही नाही. 'हू केम फर्स्ट'मध्ये मात्र टाउनशेंडने बाबांच्या परवरदिगार प्रार्थनेलाच चाल लावली आहे, आणि बाबांना आवडणारं अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्ह्जचं एक गाणंही तो गायला आहे. चार जणांच्या बँडमध्ये एकाचा गुरू किती मावणार?

याच अल्बममधलं 'प्युअर अँड ईझी' दोघांच्या सीमेवरचं. बँडसाठी योजलेल्या पण अर्धवट सोडलेल्या 'लाइफहाउस' या रॉक ऑपेरासाठी ते लिहिलं होतं. 'हूज नेक्स्ट'मध्ये ते नाही, पण त्यातल्या 'द साँग इज ओव्हर' गाण्याच्या शेवटी त्याची एक ओळ ऐकू येते. आधी टाउनशेंडचं रूप बाहेर आलं आणि बँडचं 1974 मध्ये, 'ऑड्स अँड सॉड्स' अल्बमवर. मला इथे टाउनशेंडचंच आवडतं. विश्वाच्या मुळाशी असलेल्या एका सुराबद्दलचं गाणं इतक्या दणक्यात कशाला?

खरी गल्लत होते ती 1980 च्या 'एम्प्टी ग्लास' या त्याच्या सोलो अल्बमपाशी. 1978 मध्ये मून वारला होता, बँड नव्या ड्रमरसह चालू होता, आणि टाउनशेंड एकाच वेळी दोन ठिकाणी गाणी पुरवत होता. चांगली गाणी त्याने स्वतःकडे ठेवली, असं बँडचा 1981 चा 'फेस डान्सेस' ऐकून वाटतंच. पण 'एम्प्टी ग्लास'ला बँडचा अल्बम समजणं चूक. नावातला रिकामा पेला सूफी काव्यातला आहे: हृदय रिकामं करून साकीपुढे धरायचं. 'लेट माय लव्ह ओपन द डोअर' अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यातलं प्रेमही देवाचंच, पण ऐकणाऱ्याला ते सरळ प्रेमगीत वाटतं. डाल्ट्रीने ते दार उघडायला लावलं नसतं, लाथ मारून उघडलं असतं.

1989 च्या 'द आयर्न मॅन'ने तर घोळच घातला. अल्बम टाउनशेंडचा, पण त्यातल्या दोन गाण्यांवर नाव 'द हू'चं. त्यांतलं 'फायर' तर टाउनशेंडने लिहिलेलंही नाही, ते आर्थर ब्राउनचं 1968 मधलं गाजलेलं गाणं. लेखक दुसरा, मून केव्हाच गेलेला. तरी डाल्ट्रीने तोंड उघडलं की ते 'द हू'चंच वाटतं.