शालेय शिक्षणाच्या नियमांवर विधिमंडळाची देखरेख (महाराष्ट्र)

कायदा सभागृहात मंजूर होतो, पण शाळेच्या दारात पोहोचतात ते त्याखालचे नियम, आणि ते लिहिले जातात मंत्रालयात. हे नियम मूळ कायद्याच्या चौकटीत आहेत की नाहीत हे विधिमंडळाने पाहणे, यालाच नियमांवरील देखरेख म्हणतात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, 2009 (आरटीई) यातील कलम 38 या बाबतीत बोलके आहे. केंद्राचे नियम संसदेपुढे 30 दिवस ठेवावे लागतात आणि दोन्ही सभागृहे त्यांत बदल करू शकतात वा ते रद्द करू शकतात. राज्याच्या नियमांबाबत मात्र ते शक्य तितक्या लवकर विधिमंडळापुढे ठेवावेत, एवढेच म्हटले आहे. नियम पटलावर आला म्हणजे त्यावर चर्चा होतेच असे नाही. बारकाईने छाननी करण्याचे काम उपविधान समितीचे, म्हणजे नियम तपासणाऱ्या आमदारांच्या समितीचे. एरवी आमदारांच्या हाती तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) आणि मंत्र्यांनी दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती असते. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांचे 7 आमदार आहेत. पण त्यांचे मतदार माध्यमिक व त्यावरील संस्थांतले शिक्षक, तर आरटीई पहिली ते आठवीचा.

ही देखरेख किती तोकडी पडते ते 2024 मध्ये दिसले. कलम 12(1)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील किमान 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती सरकारने करायची. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने राज्याच्या 2011 च्या नियमांत एक परंतुक, म्हणजे अपवादाचे कलम, घुसवले: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट. जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेची फी सरकारने का भरावी, असा युक्तिवाद झाला. पण कायद्यात नसलेली सूट नियमाने देता येत नाही, हे साधे तत्त्व त्यात बाजूला पडले. ऑनलाइन अर्ज भरताना पालकांसमोर मुख्यतः सरकारी आणि अनुदानित शाळांचीच नावे येऊ लागली. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी स्थगिती दिली. 19 जुलै रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय व न्या. अमित बोरकर यांनी ही दुरुस्ती मूळ कायद्याशी आणि संविधानाशी विसंगत ठरवून रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये हा निकाल कायम ठेवला. थोडक्यात, चाळणी लावली ती पालक आणि संघटनांच्या याचिकांनी, सभागृहाने नव्हे.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, तर कलम 38 च्या तरतुदीच्याही बाहेर राहतो, कारण तो नियम नव्हे, सरकारचा प्रशासकीय आदेश असतो. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता जीआरनेच चालते. 15 मार्च 2024 च्या जीआरमुळे वाड्यावस्त्यांवरील कमी पटाच्या शाळांतले शिक्षक कमी होतील, अशी शिक्षक संघटनांची तक्रार आहे. सभागृहात तो विषय येतो तो कुणी आमदाराने प्रश्न टाकला तरच.