रिट्रीव्हर ट्रायल: शेतातली परीक्षा आणि 'चॅम्पियन' शब्दावरचं भांडण

ब्रिटनमधली शिकारी कुत्र्यांची पहिली ट्रायल, म्हणजे शेतात कुत्र्याचं काम जोखणारी स्पर्धा, 1865 साली बेडफर्डशायरमधल्या साउथहिलला झाली, पण ती पक्षी शोधून दाखवणाऱ्या पॉइंटर आणि सेटर यांची होती. पडलेला पक्षी आणून देणाऱ्या रिट्रीव्हरला स्वतःची स्पर्धा मिळायला एकोणिसावं शतक जवळजवळ संपावं लागलं. त्याचं कारण कुत्र्यांपेक्षा बंदुकांमध्ये आहे. ठासणीची बंदूक होती तोवर शिकारी दोन-चार कुत्री घेऊन रान तुडवत फिरायचा. कुत्रं पक्षी दाखवायचं, तो उठवायचा, एक बार काढायचा आणि पुन्हा ठासत बसायचा. 1850 नंतर मागून काडतूस भरायची बंदूक आली आणि मोठ्या इस्टेटींवर हाक्याच्या शिकारीचा शौक वाढला. हाकारे रान उठवणार, बंदूकवाले रांगेत उभे राहणार आणि एका दिवसात शेकड्यांनी फेझंट पक्षी पडणार. पक्षी शोधून दाखवायचं काम हाकाऱ्यांनी घेतलं. पडलेला पक्षी, आणि विशेषतः पंख मोडून झुडपात पळालेला जायबंदी पक्षी, हुडकून आणायचं काम मात्र कैक पटींनी वाढलं.

1900 च्या आसपास रिट्रीव्हरच्या स्वतंत्र ट्रायल नियमित होऊ लागल्या, तेव्हा मैदान फ्लॅट-कोटेड या रिट्रीव्हरच्या जातीचं होतं. लॅब्राडॉरला ब्रिटनच्या नोंदवहीत वेगळी जात म्हणून जागा मिळाली ती 1903 मध्ये. पुढच्याच वर्षी मंडन सिंगल नावाच्या कुत्रीने लॅब्राडॉरचं नाव ट्रायलच्या निकालात आणलं. 1909 पासून वार्षिक अजिंक्यपद सुरू झालं आणि 1911 चं अजिंक्यपद पीटर ऑफ फास्कली या स्कॉटलंडच्या लॅब्राडॉरने नेलं. त्याचा मालक मेंढपाळांच्या कुत्र्यांचं काम बघून शिट्टी आणि हाताच्या खुणा शिकला होता, असं सांगतात. दूर गेलेल्या कुत्र्याला शिट्टीवर थांबवायचं, हात दाखवून डावीकडे-उजवीकडे वळवायचं, ही आज सर्रास दिसणारी पद्धत त्या सुमारास ट्रायलमध्ये शिरली. फ्लॅट-कोटेड मागे पडलं आणि पुन्हा वर आलं नाही.

ब्रिटनमधल्या ट्रायलचा सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. एक दिवसाची असेल तर बारा कुत्री, दोन दिवसांची असेल तर चोवीस. अर्ज याहून कितीतरी जास्त येतात, त्यामुळे सोडत काढतात आणि सोडतीवरून वर्षानुवर्षं कुरकुर चालते. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नको, दोरी काढलेली. बार झाला, पक्षी पडला, तरी हुकमाशिवाय धावलं की बाद. वाट बघताना कुंईकुंई केलं की बाद. पहिल्याला न सापडलेला पक्षी दुसऱ्याने आणला तर पहिलं बाद. कुणालाच नाही सापडला तर जज स्वतः चालत जाऊन शोधतात, आणि पक्षी त्यांच्या हाती लागला तर तिथे प्रयत्न केलेल्या सगळ्यांची गच्छंती. मेलेल्या पक्ष्याआधी जायबंदी पक्षी उचलायचा हा दंडक स्पर्धेच्या सोयीसाठी आलेला नाही, तो शिकारीतूनच आला आहे.

सगळ्यात कडक तपासणी तोंडाची. आणलेला पक्षी जज तळहातावर उताणा ठेवतात, डोकं पुढच्या बाजूला, आणि अंगठा-तर्जनीने दोन्ही बाजूंच्या बरगड्या चाचपतात. बरगड्या गोल आणि भक्कम लागल्या तर ठीक. दोन्हीकडून चेपलेल्या लागल्या तर कुत्र्याने दात आवळले. पाठीमागची बाजू फुटली असेल तर ती उंचावरून पडूनही फुटते, म्हणून त्यावरून निकाल लावायचा नाही. एकट्या जजचं मत चालत नाही, बाकीचे जजही हात लावून बघतात, आणि बाद करण्याआधी तो पक्षी हँडलरच्या, म्हणजे कुत्र्याला हुकूम देणाऱ्याच्या, हातात देऊन त्यालाही चाचपू देतात. मोठ्या आवाजात वाद घालणारे हँडलर इथे बहुधा गप्प होतात, कारण मोडलेली बरगडी बोटांना लगेच कळते.

ज्या निर्णयावर आजही लोक तावातावाने बोलतात तो 1958 चा आहे. त्याआधी ब्रिटनमध्ये रिंगणात, म्हणजे कुत्र्यांचं रूप जोखणाऱ्या शोमध्ये, कितीही प्रमाणपत्रं मिळवली तरी शिकारी जातीच्या कुत्र्याला 'चॅम्पियन' म्हणवता येत नसे. आधी शेतात उतरून कामाची पात्रता सिद्ध करावी लागे. ही पात्रता म्हणजे ट्रायल जिंकणं नव्हे. कुत्रं बंदुकीला बुजत नाही, शोध घेतं, पक्षी न चिरडता आणतं आणि रिट्रीव्हर असेल तर पाण्यात उतरतं, एवढं जजांना दिसलं की झालं. पूर्ण शिस्तही सक्तीची नव्हती. तरीही रिंगणवाल्यांना ही अट जाचक वाटत होती. शहरात राहणाऱ्याने शिकारीचं रान कुठून आणायचं, ट्रायलमध्ये जागा कोण देणार, आणि घाटदार कुत्र्याला केवळ इस्टेटवाल्याशी ओळख नाही म्हणून किताब का नाकारायचा, असे त्यांचे सवाल होते. सवाल खोटे नव्हते. 1958 मध्ये त्यावर 'शो चॅम्पियन' हा वेगळा किताब निघाला. तो फक्त रिंगणावर मिळतो. नंतर त्याच कुत्र्याने शेतातली पात्रता मिळवली तर नावाआधीचा 'शो' गळून पडतो आणि नुसतं 'चॅम्पियन' उरतं.

ट्रायलवाल्यांचा आरोप असा की इथेच जात दुभंगली. आता रिंगणासाठी रुंद छातीची, जड हाडाची, दणकट डोक्याची कुत्री पैदास होतात आणि शेतासाठी हलकी, चपळ, अरुंद तोंडाची. दोन्ही शेजारी उभी केली तर एकाच जातीची म्हणून ओळख पटायला क्षणभर लागतो. आरोप निम्मा खरा आहे. तारखा बघितल्या तर फूट आधीच पडलेली दिसते. शेत आणि रिंगण दोन्हीकडे चॅम्पियन झालेला पहिला लॅब्राडॉर म्हणजे 1922 चा बँचोरी बोलो. तरुणपणी तो अनावर म्हणून बदनाम होता आणि हातोहात फिरत अखेर एका बाईंकडे आला. त्यांनी त्याला मारझोड न करता वळणावर आणलं. त्याच्यासारखे दुहेरी चॅम्पियन लॅब्राडॉर पुढची पंचवीसेक वर्षं अधूनमधून होत राहिले, मग थांबले. दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली काही वर्षं सोडली तर ब्रिटनमध्ये असा एकही लॅब्राडॉर झालेला नाही. म्हणजे 1958 च्या आधीच दोन्ही टोकं एका कुत्र्यात सांधणं जवळजवळ अशक्य झालं होतं. नव्या किताबाने एवढंच केलं की रिंगणवाल्यांना शेताकडे पाठ फिरवायला परवानगी दिली. माझ्या मते तेवढंही पुष्कळ होतं. एकदा तरी पक्षी तोंडात धरून दाखवायची साधी अट राहिली असती, तर पैदास करणाऱ्याला कुत्र्याचं वजन आणि दम यांच्याकडे थोडं तरी लक्ष द्यावं लागलं असतं. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत संध्याकाळी धापा टाकत फिरणारे लॅब्राडॉर बघताना हा वाद अगदीच परका वाटत नाही, कारण आपल्याकडे लोकप्रिय झाला तो बहुतेक जड बांध्याचाच.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथली पहिली लॅब्राडॉर ट्रायल डिसेंबर 1931 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टरजवळच्या एका इस्टेटीवर झाली. धनाढ्य मालकांनी ब्रिटनमधून कुत्री आणली आणि त्यांच्याबरोबर शिकारीचं रान सांभाळणारे स्कॉटिश रखवालदारही आणले. सुरुवातीचा थाट हुबेहूब ब्रिटिश होता, पण तो दहा वर्षंही टिकला नाही. 1941 मध्ये पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद भरलं आणि ते किंग मिडास ऑफ वुडएंड या गोल्डन रिट्रीव्हरने जिंकलं. तोवर अमेरिकन ट्रायल नैसर्गिक शिकारीपासून सुटून आखीव कसोटीकडे निघाली होती. ब्रिटनमध्ये कुठला पक्षी कुठे पडेल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून नशिबाचा भाग मोठा. अमेरिकनांना तो नको होता. प्रत्येक कुत्र्याला तेच पक्षी, त्याच जागी, त्याच अंतरावर पडले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. मग पांढरी जाकिटं घातलेले बंदूकवाले ठरलेल्या जागी उभे राहू लागले, एकापाठोपाठ तीन पक्षी टाकून कुत्र्याची स्मरणशक्ती तपासली जाऊ लागली, आणि आधीच लपवून ठेवलेल्या पक्ष्यापर्यंत कुत्र्याला निव्वळ शिट्टी-खुणांनी नेणं हा स्वतंत्र भाग झाला. अंतरं वाढत तीनशे यार्डांच्याही पलीकडे गेली. 1960 नंतर कुत्र्याला दुरून झटका देणारे विजेचे पट्टे प्रशिक्षणात आले आणि धंदेवाईक ट्रेनरचं प्रस्थ वाढलं. ब्रिटनच्या ट्रायलवर्तुळात या पट्ट्याला कधीच मान मिळाला नाही, आणि वेल्समध्ये तर 2010 पासून तो कायद्यानेच बंद आहे.

यावर अमेरिकेतल्याच साध्या शिकाऱ्यांनी बंड केलं. आपल्या बदकमाऱ्या कुत्र्याला तीनशे यार्ड कशाला पळवायचं, असं म्हणत 1980 नंतर त्यांनी 'हंटिंग टेस्ट' काढल्या. त्यांत कुत्री एकमेकांशी लढत नाहीत, ठरलेल्या दर्जाशी भिडतात आणि जेवढी पात्र ठरतील तेवढी पास होतात. अंतरं शिकारीत लागतात तेवढीच, हँडलरच्या अंगावर पांढऱ्या जाकिटाऐवजी रानाच्या रंगाचे कपडे. 1985 मध्ये तिथल्या सर्वात मोठ्या नोंदणी संस्थेनेही स्वतःच्या टेस्ट सुरू केल्या आणि बघता बघता त्यांत ट्रायलपेक्षा जास्त कुत्री उतरू लागली. सर्वात वरच्या पातळीवर मात्र पास होणाऱ्यांची गर्दी झाली तशी जजांनी मांडणी कठीण केली, आणि धंदेवाईक ट्रेनरच्या गाड्या तिथेही रांगेने लागल्या.

ब्रिटन आणि युरोपात शिकारीचा हंगाम नसताना पक्ष्याऐवजी कॅनव्हासच्या डमीवर वर्किंग टेस्ट होतात. जागेची सोडत न लागलेल्यांना आणि शहरी मालकांना त्यांनी मोठी सोय करून दिली. उत्तर युरोपात आधीच मारलेले पक्षी टाकून घेतल्या जाणाऱ्या परीक्षाही रुजल्या आहेत. जायबंदी पक्ष्याचा माग काढण्याची कसोटी या दोन्हींत उरत नाही, आणि जुने ट्रायलवाले त्यांना दुय्यम मानतात ते त्याचमुळे. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर बंदुकीखालची ट्रायल भरवायची सोयच राहिलेली नाही. इथे कुणाला रिट्रीव्हरकडून त्याचं मूळ काम करून घ्यायचं असेल तर ते डमीवरच होईल.