घासकाम (मोटारदुरुस्ती)

चेपलेला पत्रा ठोकून सरळ केल्यावर, रंग चढवण्याआधी तो घासकागदाने (सँडपेपरने) घासून एकसारखा करण्याचे काम. 'डेंटिंग-पेंटिंग' या जोडनावात त्याचा उल्लेखही नाही, पण सर्वांत जास्त वेळ तेच खाते.

कागदाचा नंबर मोठा तितका तो बारीक. लांबीला (पुट्टीला) आकार द्यायला ८०, मग १२० ते १८०, कडा जुन्या रंगात मिसळायला २४० ते ३२०, सरफेसरवर (रंगाआधीच्या प्रायमरच्या थरावर) ४०० ते ६००. प्रत्येक कागदाने आधीच्याचे ओरखडे काढायचे असतात. ८० वरून थेट ४०० वर गेले, तर चूक त्या दिवशी दिसत नाही. रंग पूर्ण वाळून बसला की उन्हात रेघा उमटतात. सपाट भागावर कागद नुसत्या बोटांनी दाबला तर बोटांखाली सऱ्या पडतात, म्हणून तो ठोकळ्याला गुंडाळून तिरक्या फुलीने फिरवतात. वर आधी काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारला, तर घासल्यावर काळे उरते तिथे खळगा असतो. डोळ्याला न दिसणारा उंचसखलपणा हाताला कळतो. मध्ये पातळ फडके धरले तर अधिकच.

कोकण किनाऱ्यावर खरा प्रश्न पाण्याचा. पाण्यात टिकणारा कागद अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणला. त्याने धूळ उडत नाही, कागद भुकटीने बुजत नाही, म्हणून ओले घासणे रुळले. ते लांबीवर मात्र करू नये. पॉलिस्टर लांबी सच्छिद्र असते. तिने शोषलेले पाणी रंगाखाली कोंडले की फोड येतात आणि पत्रा आतून गंजतो. लांबी सुकीच घासावी, पाणी सरफेसरनंतर. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर तेही नको, कारण सुकल्यावर मागे राहिलेले मीठ पुढे ओल ओढून घेते. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत, त्यातही पावसाळ्यात, उघडा पत्रा रात्रीतून तांबूस होऊ शकतो; तो त्याच दिवशी प्रायमरखाली गेलेला बरा. गणपतीच्या तोंडावर 'चतुर्थीआधी गाडी हवी' म्हणणारे गिऱ्हाईक नेमके हेच वाळवण्याचे तास मागत असते.

जांभ्याच्या अंगणात काम असेल तर कागद वरचेवर झटकावा. अडकलेला एक खडा सगळा पत्रा ओरबाडतो. सुक्या घासकामाची बारीक धूळ छातीत जाते. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही, नीट बसणारा मास्क लागतो.