मोबाईलच्या आधी काय काय गेलं

मुलांचं खेळणं मोबाईलनं खाल्लं, असं म्हणून आपण हात झटकतो. निदान नागपूरपुरता तरी हा आरोप अर्धवट आहे. मोबाईल पोरांच्या हाती लागला तोवर बिल्लस (जमिनीवर घरं आखून लंगडीनं खेळायचा खेळ), कंचे म्हणजे गोट्या, गिल्ली-दांडा आणि डाबडुबली यांची जागा गेलेली होती. जागा म्हणजे अक्षरशः जमीन.

१९३६ च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे शहराची आखणी करणारी आपली ‘नासुप्र’, अस्तित्वात आली. जुन्या महाल-इतवारीच्या दाटीबाहेर शहर पुढं ले-आऊट करत पसरलं. प्लॉट विकले जायचे भराभर, घरं मात्र उठायची सावकाश. कुणी मुलीच्या लग्नासाठी प्लॉट घेऊन ठेवलेला, कुणी निवृत्तीनंतर बांधू म्हणून. मालक चंद्रपूरला नाहीतर भोपाळला. मधल्या दहा-पंधरा वर्षांत त्या प्लॉटवर रुई, तरोटा आणि पोट्टे, एवढंच वाढायचं. गिल्लीसाठी खड्डा खणा, कंच्यांसाठी गल, म्हणजे छोटा खळगा, उकरा, कुणी विचारायला येत नसे. डाबडुबलीला तर वाकलेल्या फांद्यांचं एक झाड पुरे: एकानं पायाखालून काठी दूर भिरकवायची, डाव असलेल्यानं ती धावत जाऊन आणायची, तोवर बाकीचे झाडावर. पडून हात मोडला तर घरी आधी मार, मग प्लास्टर. मैदान म्हणून या जागेची नोंद कुठल्याच नकाशात नव्हती, त्यामुळं ती गेली तेव्हा मैदान गेल्याची नोंदही झाली नाही.

त्या काळाचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. हे मोकळेपण बहुतेक मुलग्यांच्या वाट्याचं होतं. मुलींना अंगणापुरता बिल्लस आणि ओट्यावरचे सागरगोटे. अपवाद भुलाबाईचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणत फिरायचं, खिरापत ओळखायची आणि अंधार पडल्यावरही बाहेर असायचं, तेही घरच्यांच्या संमतीनं. वर्षातला हा एक महिना मुलींचा होता.

टीव्हीनंही खेळ मारला नाही. १९८७ साली रविवारच्या पौराणिक मालिकेच्या वेळी गल्ल्या ओस पडायच्या खऱ्या, पण मालिका संपली की खराट्याच्या काड्यांचे बाण घेऊन सगळी सेना बाहेर. एकच वाहिनी होती, तिला वेळापत्रक होतं, आणि उरलेला दिवस पोरांचा होता.

खरा फरक नव्वदीनंतर पडत गेला. रिकाम्या प्लॉटवर फ्लॅट स्कीम उठल्या. शहराच्या कडेला शेतजमिनीवर परवानगीविना ले-आऊट पडले; ते नियमित करायला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. अशा ठिकाणी खुली जागा कागदावर असली तरी पुष्कळ. जिथं ती खरोखर होती, तिथं पुढं भिंत आली, फाटक आलं, लॉन, जॉगिंग ट्रॅक आणि ग्रीन जिम आलं. सकाळी फिरणाऱ्या काकांची सोय झाली हे चांगलंच. पण चेंडू लॉनवर गेला की ओरडणारेही तेच काका. मग गल्ली उरली होती, तीही सिमेंटची झाली. सिमेंटमध्ये गल उकरता येत नाही, आणि गुळगुळीत रस्त्यावर गाड्या सुसाट येतात.

जागेइतकाच वेळ महत्त्वाचा, आणि त्याबद्दल आपण कमी बोलतो. पायी जाण्याच्या अंतरावरची शाळा सुटून लांबची इंग्रजी शाळा आली, व्हॅन आली. शेजारचा मुलगा वर्गमित्र राहिला नाही. शाळेतून आल्यावर ट्यूशन, आणि आता सहावी-सातवीपासूनच जेईई-नीटचं ‘फाउंडेशन’. दप्तराचं ओझं कमी करा, असं यशपाल समितीनं १९९३ मध्येच सांगितलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी भारतानं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याचं ३१ वं कलम मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेला मैदानाची अट घातली. अट शाळेच्या मैदानाची आहे. पाच वाजता घरी आलेल्या मुलाला त्याचा उपयोग काय?

उन्हाळ्याचंही तेच. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर पूर्वीही जायचा. दुपारी कूलरसमोर पत्ते-कॅरम आणि उन्हं उतरली की बाहेर, असा तोडगा पोरांनीच काढलेला होता. त्या संध्याकाळी आता समर कॅम्प आहेत, शिट्टीवाल्या सरांसह.

आणि मग मोबाईल. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर आली. रिकामी जागा त्यानं भरली, हे खरं. रिकामी केली दुसऱ्यांनी.

आज ज्यांना क्रिकेट खेळायचंच आहे ते तासाच्या भाड्यानं टर्फ घेतात. जाळी, दिवे, हिरवा गालिचा, सगळं चोख. फक्त आधी बुकिंग लागतं, दोन टीम पुऱ्या लागतात, आणि पैसे बाबांच्या यूपीआयवरून जातात. त्यात ‘मलाही घ्या ना रे’ म्हणत बाजूला उभ्या राहणाऱ्या लहान भावाला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचं, तर त्याचीही वर्गणी पडते.