किबुत्झ म्हणजे ज्यूंचा मठ? नव्हे!

इस्रायलमधला किबुत्झ म्हणजे धर्मनिष्ठ ज्यूंचा आश्रम, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. किबुत्झ म्हणजे मुळात एकत्र राहून सामूहिक शेती करणाऱ्यांची वस्ती. १९१० मध्ये गॅलिली सरोवराकाठी दगानिया हा पहिला किबुत्झ वसवणारे तरुण पूर्व युरोपातून आलेले समाजवादी होते. त्यांना बांधून ठेवलं ते प्रार्थनेनं नव्हे, तर अंगमेहनत, सामाईक मालमत्ता आणि सर्वांच्या सभेत होणारे निर्णय यांनी. सण मात्र त्यांनी सोडले नाहीत, त्यांना शेतीचा रंग दिला. शावुओत या सुगीच्या सणाच्या मिरवणुकीत चक्क ट्रॅक्टर असतात! तिरात त्स्वीसारखे धार्मिक किबुत्झही आहेत, पण मोजकेच. आणि ‘सगळ्यांना सारखाच पैसा’ हेही बहुतेक ठिकाणी जुनं झालं. खुद्द दगानियानं २००७ मध्ये कामानुसार वेगवेगळा पगार स्वीकारला.